फायबरवरचा कॉर्डलेस: शहापूर-मुरबाडच्या घरांतला फोन

शहापूरचा एसटीडी कोड ०२५२७ आणि मुरबाडचा ०२५२४. किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या बाजारात जुन्या दुकानांच्या पाट्यांवर हे कोड अजून रंगवलेले दिसतात, पुढे सहा आकडी नंबर, आणि त्यातले बरेचसे नंबर कधीच बंद पडलेले. तार तुटली, जोडायला माणूस आला नाही, शेवटी फोन सरेंडर केला, अशी हकीकत दोन्ही तालुक्यांत घरोघरी ऐकायला मिळते. अलीकडच्या वर्षांत मात्र काही घरांत घरचा फोन पुन्हा वाजू लागला आहे. आता तो तांब्याच्या तारेवरून येत नाही, इंटरनेटच्या फायबरवरून येतो, आणि लोक त्याला कॉर्डलेस जोडतात. हा जोड किती भरवशाचा, तो कुठे अडतो आणि त्यावर पैसे खर्च करायचे तर नेमके कशावर, हे इथे तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. हॅन्डसेट कुठल्या कंपनीचा घ्यावा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी विजेची सोय, मग बेस ठेवायची जागा, मग बाकीचं.

घराघरात मोबाईल असताना हा फोन हवाच कशाला, असं कुणीही विचारेल. वासिंदपासून कसाऱ्यापर्यंतच्या स्टेशनांवर पहाटेपासून लोकलला गर्दी असते. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली माणसं एसटीने किंवा मोटारसायकलने कल्याण गाठतात, नाहीतर एमआयडीसीत पाळीला जातात. कमावती माणसं बाहेर पडली की चांगले मोबाईलही त्यांच्याबरोबर जातात. घरात उरतात म्हातारी माणसं, शाळेतून दुपारी परतणारी मुलं, कधी एखादी बाळंतीण. आजीच्या कनवटीला साधा बटणांचा मोबाईल असतो, पण त्याचं चार्जिंग संपलेलं असतं, रिचार्ज तरी संपलेला असतो, किंवा घर डोंगराच्या कुशीत असल्याने रेंज फक्त अंगणात येते. भिंतीपाशी वाजणारा, नंबर न बदलणारा, मोठ्या बटणांचा फोन अशा घराला लागतो. माळशेजच्या पायथ्याच्या गावांत आणि डोळखांबच्या पलीकडच्या वाड्यांत ही गरज सगळ्यात जास्त आहे आणि फायबर पोचायला उशीर होतो तोही तिथेच.

थोडं मागचं. ठाणे शहर एमटीएनएलच्या हद्दीत होतं. शहापूर आणि मुरबाड मात्र कल्याणच्या दूरसंचार जिल्ह्यात, आधी दूरसंचार खात्याकडे आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे. देशात खेड्यापाड्यांत फोन पोचला त्याचं मोठं श्रेय १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटला जातं. या संस्थेने १२८ लायनींचं, वातानुकूलित खोली न लागणारं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. पुढे जिथे तार ओढणं परवडत नव्हतं तिथे बिनतारी डब्ल्यूएलएल फोन आले. त्या काळातला एक प्रयोग या विषयाच्या अगदी जवळचा आहे. मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने 'कॉरडेक्ट' ही पद्धत तयार केली. युरोपात घरातल्या कॉर्डलेससाठी ठरलेलं डेक्ट हे मानक त्यांनी उचललं आणि समोर अडथळा नसेल तर दहा किलोमीटरपर्यंत फोन आणि इंटरनेट एकाच वेळी पोचवून दाखवलं. आज घरातल्या डेक्ट कॉर्डलेसच्या बेस आणि हॅन्डसेट यांच्यात जे तंत्र चालतं, तेच आपल्या इंजिनिअरांनी एकेकाळी गावाला फोन देण्यासाठी वापरलं होतं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

मोबाईल स्वस्त झाला आणि तांब्याच्या लायनी सुटत गेल्या. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्त झाले. खांबावर चढून जोड शोधणारा, कुठल्या घराची जोडी कुठल्या डब्यात आहे हे तोंडपाठ असणारा लाइनमन गेला, आणि त्याच्याबरोबर ती माहितीही गेली. देशातल्या तारेच्या फोनांची संख्या २०२० च्या सुमारास दोन कोटींपर्यंत खाली आली होती. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर ती ३ कोटी ३० लाखांच्या पुढे गेली. ही वाढ फायबरची आहे. इंटरनेटवरून फोन करायला आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी होती; नेहमीच्या नंबरांना लागणाऱ्या इंटरनेट फोनचा रस्ता २०१८ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यावर मोकळा झाला. ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबर सुरू झालं, एअरटेलनेही फायबरबरोबर फोन दिला, आणि बीएसएनएलने गावोगावच्या केबलवाल्यांना भागीदार करून फायबर पसरवलं.

आता घरातली मांडणी. खांबावरून काळी बारीक केबल येते, खिडकीच्या चौकटीतून आत शिरते आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात संपते. हा डबा म्हणजे ओएनटी. लोक त्याला मोडेम किंवा राउटर म्हणतात. प्रकाशाच्या रूपात आलेलं बोलणं हा डबा पुन्हा जुन्या टेलिफोनच्या विजेत बदलतो आणि मागच्या छोट्या सॉकेटमधून बाहेर देतो. सॉकेटवर 'फोन' किंवा 'टेल' असं लिहिलेलं असतं. कॉर्डलेसच्या बेसची वायर तिथे लावायची. कॉर्डलेसला वाटतं आपण जुन्याच एक्स्चेंजला जोडलेले आहोत, म्हणून दहा वर्षांपूर्वीचा संचही बहुधा चालतो. इंटरनेटच्या वेगाची काळजी इथे नको. नेहमीच्या दर्जाच्या एका कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटांपेक्षाही कमी जागा लागते, आणि घरात येतो तो सगळ्यात स्वस्त प्लॅनही कित्येक मेगाबिटांचा असतो. कॉल तुटतो तो वेग कमी म्हणून नाही, तर मध्येच माहितीचे तुकडे गळतात म्हणून.

एक गोष्ट मात्र कनेक्शन घेण्याआधीच विचारावी. सगळ्या ओएनटींना फोनचं सॉकेट नसतं. केबलवाला स्वस्तातला, फक्त इंटरनेटचा डबा बसवून जातो. प्लॅनमध्ये अमर्याद कॉल लिहिलेले असतात आणि फोन लावायला जागाच नसते. डबा बदलायचा तर पुन्हा पैसे. अँटेनावर चालणाऱ्या एअरफायबरच्या बाबतीतही हा प्रश्न आधी विचारलेला बरा.

वीज हा या सगळ्याचा कणा आहे आणि ग्राहक सगळ्यात कमी विचार तिचाच करतात. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्ट, मोठ्या बॅटऱ्यांवरची. गावात अंधार असला तरी साधा फोन वाजायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. घरातली लाइट गेली की ओएनटी बंद, बेस बंद, आणि हॅन्डसेटची बॅटरी भरलेली असूनही तो मुका. इथल्या महावितरणच्या वायरी जंगलातून गेलेल्या आहेत. मृगाच्या आधीच्या वळवात एखादी फांदी पडते आणि रात्र काळोखात जाते. २०२१ च्या जुलैत उंबरमाळी-कसारा पट्ट्यात पावसाने रेल्वेमार्ग वाहून गेला, तेव्हासारखा प्रसंग आला की वाटेत अडकलेल्या माणसाला घरी कळवायचं असतं आणि घरच्यांना त्याची वाट पाहायची असते. घरच्या फोनची खरी गरज त्याच रात्री असते.

उपाय महाग नाहीत, पण नीट समजून करावे लागतात. बाजारात राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात आणि ते ओएनटीला काही तास सहज चालवतात. लोक ते घेतात, लावतात आणि निर्धास्त होतात. पण कॉर्डलेसच्या बेसचा अडॅप्टर वेगळा असतो, त्याचा व्होल्टही बहुधा कमी असतो, आणि तो भिंतीतल्या साध्या प्लगमध्येच राहतो. लाइट गेली की ओएनटीचे दिवे हिरवे दिसतात, वाय-फाय चालतं, आणि फोन मात्र बंद. अशा घरांत मी एकच गोष्ट सुचवतो: माळ्यावर टाकलेला जुना वायरचा साधा फोन खाली काढा, पुसा आणि त्याच सॉकेटला पॅरलल जोडा. साध्या फोनला वेगळी वीज लागत नाही. ओएनटी जे देतो त्यावरच तो चालतो. यूपीएसवर ओएनटी जिवंत असेल तोवर हा फोन वाजणार. फार जुना, घंटेचा आणि तबकडीचा असेल तर ओएनटी बहुधा त्याची घंटा ओढू शकत नाही आणि तबकडीचे ठोकेही त्याला बहुधा कळत नाहीत. बटणांचा असला तर मागची कळ 'टोन'वर असल्याची खात्री करावी. घरात इन्व्हर्टर असेल तर बेस आणि ओएनटी दोन्ही त्याच्याच लायनीवर घ्यावेत. इलेक्ट्रिशियनला हे काम काही मिनिटांचं.

घर सांभाळलं तरी पुढची कडी आपल्या हातात नसते. केबलवाल्याचं यंत्र एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत असतं. त्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी संपली की आख्ख्या गावाचं इंटरनेट आणि फोन एकदम जातात. म्हणून कनेक्शन घेताना प्लॅनच्या किमतीआधी विचारायचं ते हे, की लाइट गेल्यावर तुझं मशीन किती तास चालतं. जो सरळ उत्तर देतो त्याच्याकडे जावं, शंभर रुपये जास्त पडले तरी. ब्रिटनमध्ये तांब्यावरचं जुनं फोनचं जाळं बंद करण्याची तारीख पुढे ढकलून ३१ जानेवारी २०२७ करावी लागली, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची गळ्यातली धोक्याची बटणं त्याच तारेवर होती. जे लोक घरच्या फोनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर निदान तासभर मदतीसाठी फोन करता आला पाहिजे, अशी अपेक्षा तिथल्या नियामकाने कंपन्यांकडून ठेवली आहे. आपल्याकडे हा भार घरमालकच उचलतो. माझ्या मते ग्रामीण फायबरच्या प्रत्येक कनेक्शनबरोबर छोटी बॅटरी सक्तीने मिळायला हवी. ज्या शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबई पिते, त्या तालुक्याने एवढी मागणी करणं गैर नाही.

फायबरचा एक फायदा सांगायला हवा. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या गडगडाटात टेलिफोनच्या तारेतून येणारा विजेचा लोळ आता त्या वाटेने येत नाही. लाइटच्या वायरीतून मात्र येतो, म्हणून आभाळ फार कडाडत असेल तर अडॅप्टर काढून ठेवण्याची सवय सोडू नये.

दुसरी मोठी गोष्ट, लहरी. टोकावड्याच्या बाजूच्या एका घरात फोन बसवताना मी उभा होतो. मुलाने बेस थेट राउटरच्या डोक्यावर ठेवला, कारण प्लग तिथेच होता. ओटीवर आवाज लख्ख. आजी हॅन्डसेट घेऊन मागच्या दारी गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आत चुलीपाशी आलं का खरखर करतो रं बाबा." बेस उचलून मधल्या खोलीच्या फळीवर, राउटरपासून चार हात लांब नेला आणि खरखर गेली. भारतात विकले जाणारे बरेचसे कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरातलं वाय-फायही त्याच पट्ट्यात असतं. दोघांना एकमेकांच्या मांडीवर बसवलं की दोघांचंही बिघडतं. मोबाईल आणि टीव्ही वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावावर लावले तर आणखी मोकळीक मिळते. डेक्ट मानकाचे संच १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, वाय-फायच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे मिळाला तर तोच घ्यावा. उघड्यावर साधारण ३०० मीटर आणि घरात ५० मीटर, अशी या संचांची पोच सांगतात.

घरातली ती ५० मीटरची पोच भिंतीवर ठरते. कारवीच्या कुडाला, शेणामातीने लिंपलेल्या भिंतीला लहरी फारशा अडत नाहीत. जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत त्यांना बरीच खाते. नवीन स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर जाताना लोखंडी सळ्या आड येतात. आणि पत्र्याची खोली असेल तर तिच्यात हॅन्डसेट नेऊन उपयोग नाही; पत्रा लहरी परतवून लावतो. गोठा किंवा खळं लांब असेल तर लोकांना 'लांब पल्ल्याचा कॉर्डलेस' आठवतो. फार्महाऊसवाल्यांमध्ये त्याची अजून चौकशी असते. जास्त ताकदीचं असं यंत्र परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि कुठल्याही कुरिअरने घरपोच आलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. अमेरिकेतून भाच्याने किंवा मुलीने आणलेल्या संचाचंही तेच. त्यावर 'डेक्ट ६.०' लिहिलेलं असतं आणि तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो. आपल्याकडे त्या लहरी मोबाईल कंपन्यांच्या वाट्याच्या आहेत. असा संच लावला तर जवळच्या टॉवरला त्रास होऊ शकतो. शिवाय त्याचा अडॅप्टर बहुधा ११० व्होल्टचा. प्रेमाने आणलेली वस्तू असली तरी ती कपाटातच बरी.

वापरातल्या बारीकसारीक अडचणींपैकी एक जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. कॉर्डलेसच्या पडद्यावर आलेला नंबर मात्र दहाच आकडी दिसतो. आजी यादीतला नंबर काढतात, हिरवं बटण दाबतात आणि फोन लागत नाही. त्यांना वाटतं यंत्र बिघडलं. यावर सोपा इलाज म्हणजे घरातले पाच-सहा महत्त्वाचे नंबर शून्यासकट फोनमध्ये साठवून द्यायचे आणि एकेका बटणावर बसवायचे. येणाऱ्याचा नंबरच दिसत नसेल तर तो पाठवायच्या दोन पद्धती असतात आणि संच व डबा यांची पद्धत जुळत नसावी, हे केबलवाल्याला सांगावं. हॅन्डसेटमधल्या बॅटऱ्या बारीक पेन्सिल सेलसारख्याच दिसतात, पण त्या पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या असतात. गावातल्या दुकानातून साधे सेल आणून टाकले आणि हॅन्डसेट बेसवर ठेवला तर ते गळतात आणि संच कायमचा जातो. दोन वर्षांनी फोन लवकर बंद पडू लागला तर नवा संच घेण्याआधी बॅटऱ्या बदलून पाहाव्यात.

बिघाड कुणाकडे, हे ओळखायला डब्यावरचे दिवे बघावेत. 'लॉस'चा लाल दिवा पेटला म्हणजे केबल तुटली किंवा वाकली. घरात काही करून उपयोग नाही. कल्याण-नगर महामार्गाचं रुंदीकरण, मुंबई-आग्रा रस्त्याची कामं, डंपरची उंची, उन्हाळ्यातला वणवा, यातलं काहीही केबल तोडू शकतं. दिवा लाल नाही पण फोन तुटक येतो, तर केबलवाल्याला 'पॉवर' मोजायला सांगायचं. यंत्रावर उणे २७ च्या पलीकडे आकडा गेला असेल तर प्रकाश अपुरा पोचतोय, एखादा जोड खराब आहे. सगळे दिवे नीट असून फक्त फोनचा दिवा नसेल तर तो कंपनीच्या सर्व्हरचा किंवा नोंदणीचा मामला. आणि दिवा हिरवा असून आवाज नाही, तर वायर काढून जुना साधा फोन लावून पाहायचा. तो चालला की दोष कॉर्डलेसचा. तक्रार करताना एवढं सांगता आलं तर मुरबाडहून येणारा पोऱ्या एक हेलपाटा वाचवतो आणि तुमचा दिवसही.

ज्या घरांत सगळ्यांकडे चांगले मोबाईल आहेत त्यांनी कॉर्डलेस घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. फायबर घरात असेल तर रेंज नसतानाही मोबाईलचा नेहमीचा नंबर वाय-फायवरून वाजतो. सेटिंगमध्ये एक कळ चालू करायची, बस. काही कंपन्यांच्या ॲपमधून घरचा नंबर मोबाईलवरही घेता येतो. व्हॉट्सॲप तर आहेच. पण या सगळ्याला पडद्यावर बोट फिरवता येणारा, चार्जिंगची आठवण ठेवणारा माणूस लागतो. ज्या घरात तो दिवसभर नसतो तिथे कॉर्डलेसला पर्याय नाही, आणि त्या घरांत दोन हॅन्डसेटचा संच घ्यावा: एक बेसवर कायम, दुसरा उशापाशी. रात्री पाय घसरला तर भिंतीपर्यंत जावं लागू नये म्हणून. त्याच हॅन्डसेटवर १०८ आणि घरातल्या दोघांचे नंबर कसे लावायचे ते म्हाताऱ्या माणसाकडूनच दोन-तीनदा करून घ्यावं, आपण करून दाखवू नये.

ज्यांच्याकडे अजून तांब्याचा नंबर जिवंत आहे त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. मोबाईलसारखा घरचा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. बीएसएनएलमध्येच तांब्यावरून फायबरवर जाताना मात्र तोच नंबर ठेवता येतो. नातेवाइकांच्या वहीत, बँकेच्या कागदांवर, लग्नपत्रिकांवर वर्षानुवर्षं छापलेला ०२५२७ किंवा ०२५२४ चा नंबर जपायचा असेल तर आधी फोन सरेंडर करून मग फायबरचा अर्ज करू नये. अर्जावरच जुना नंबर लिहून तो फायबरवर घेण्याची मागणी करावी, पावती घ्यावी, आणि नव्या डब्यावर तो नंबर वाजेपर्यंत तांब्याची वायर काढू देऊ नये.